वनांची अंतर्रचना मोजणारा लेसर किरण

यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी हे गाव उमरखेड तालुक्यात आहे. याच तालुक्यात पैनगंगा अभयारण्याचे सागाचे पानझडी जंगल पसरलेले आहे. अशा जंगलाची स्थिती ठरविताना प्रथम विचार होतो तो वृक्षछत्राच्या घनतेचा. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहचित्रांच्या आधारे ती ठरविते. छत्र ७० टक्के वा अधिक असल्यास अति घनदाट, ४० ते ७० टक्के असल्यास मध्यम घनदाट आणि १० ते ४० टक्के असल्यास विरळ वन, अशी ही वर्गवारी आहे.

तथापि, छत्राखाली काय आहे, हे या आकड्यावरून समजत नाही. एखाद्या वनात उंच सागाखाली तेंदू, बांबू व कोवळी रोपे थराथराने वाढत असतात. दुसऱ्या वनाचा तळ चराईने व वणव्याने रिता झालेला असतो. वर्गवारीत मात्र दोन्ही एकच ठरू शकतात. दुसऱ्या वनातील जुनी झाडे गेली की त्यांची जागा घेणारी नवी झाडे नसतात.

जमिनीवरून केलेल्या लेसर मापनाने हा भेद स्पष्ट होतो. तिपाईवरील यंत्र फिरत फिरत चहूकडे किरण सोडते. किरण फांदीवर आदळून परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर निघते. १५ मीटरवरील फांदीपर्यंत जाऊन परतण्यास प्रकाशाला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो! अशा लक्षावधी बिंदूंतून संगणकावर वनाची त्रिमितीय आकृती तयार होते. झाड न तोडता त्याची उंची, खोडाचा घेर आणि प्रत्येक थरातील दाटी मोजता येते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. पुढील खोडामुळे मागील झाड झाकले जाते. म्हणून यंत्र अनेक ठिकाणी मांडावे लागते. वाऱ्याने पाने हलली की आकृती अस्पष्ट होते. साग निष्पर्ण असताना खोड व फांद्या चांगल्या मोजता येतात. पर्णछत्रासाठी मात्र पावसाळ्यानंतरचा काळ योग्य ठरतो. यंत्र महाग असल्याने निवडक नमुना क्षेत्रेच मोजून त्यांची उपग्रहचित्रांशी सांगड घालणे श्रेयस्कर होय.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांवर वनाच्या संवर्धनाची व व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. त्यांना यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. ठरावीक जागी दहा मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखून दरवर्षी त्यातील रोपे मोजावीत व नोंद ठेवावी. शाळांनाही हे काम करता येईल. वनाचे भवितव्य छत्राइतकेच त्याखालच्या रोपांवर अवलंबून असते.