तांबडी पगडी, काळे चित्र

ज्यांच्या खिशात आज अष्टौप्रहर कॅमेरा असतो, त्या इंदूरच्या विजय नगरातील विद्यार्थ्यांना सांगून खरे वाटणार नाही. पण इंदूरच्याच बांधकाम खात्याच्या दफ्तरात नकाशे आखण्याच्या हुद्द्यावर असलेल्या लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास छायाचित्रणात लक्ष घातले, तेव्हा एका चित्रासाठी काचा, रसायने आणि काळोखा तंबू असे सारे बिऱ्हाड बरोबर न्यावे लागे. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेल्या या गृहस्थांना तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा आणि ज्यांचे नाव पुढे इंदूरच्या राजकुमारांच्या कॉलेजास लागले त्या सर हेन्री डेली यांचा आश्रय लाभला. इमारतीची उभी रेष ओळंब्यात धरण्याची नजर त्यांना त्या नकाशांनीच दिली असावी.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीप्रमाणे काचेवर कलोडियनचा लेप पसरून ती रजताच्या द्रावणात बुडवावयाची आणि लेप वाळण्यापूर्वी चित्र घेऊन धुवावयाचे; माळव्याच्या वैशाखात ही मुदत किती तोकडी पडत असेल, ते वेगळे सांगावयास नको. काच काही सेकंद उघडी राही. तेवढ्यात कॉलेजाच्या आवारातून भिश्ती किंवा माळी गेला तर त्याचा धूसर डाग उमटे, पुष्कळदा तोही नाही. त्या काळच्या कॉलेजांची चित्रे निर्मनुष्य भासतात याचे एक कारण हे; झाडलोट करणारे हात तेथे नव्हते असे मात्र कोणी समजू नये! स्थिर बसावयास खुर्ची मिळे ती मानकऱ्यांना. मध्ये प्रिन्सिपॉलसाहेब, दोहों बाजूंस दर्जाप्रमाणे इतर, धाकटे जमिनीवर : दरबारच तो.

रंगांच्या बाबतीत तर काच उघड पक्षपाती होती. तिच्यावरील रजतक्षार निळ्याजांभळ्या प्रकाशाने चटकन विकार पावत, तांबड्याची मात्र दखलच घेत नसत. त्यामुळे आकाश पांढरेफटक येई, दक्षिणी विद्यार्थ्याची तांबडी पगडी काजळासारखी काळी. आणि सावळ्या कातडीवरून परतणाऱ्या प्रकाशात तांबूसपिवळा अंश अधिक असल्याने तो चेहराही प्रत्यक्षाहून काळवंडून, शेजारच्या गोऱ्या प्राध्यापकाहून अधिकच वेगळा दिसे. वंशभेदाच्या कल्पनांनी भारलेल्या त्या युगात असे चित्र निःपक्षपाती पुरावा म्हणून पाहिले जाई, ही मला त्यातील सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी १८७३ साली लेपात रंगद्रव्ये मिसळून हिरव्यापिवळ्याची सोय केली. तांबड्याला न्याय देणाऱ्या काचा बाजारात यावयास विसावे शतक उजाडले. तोवर पुण्यामुंबईच्या कॉलेजांतून पगडीच मागे पडू लागली होती.