कारनाकी: भुतांचा आणि भोंदूंचा शोधकर्ता

झपाटलेल्या वास्तूंच्या तक्रारींचा शेरलॉक होम्सच्या शिस्तीने छडा लावणारा नायक ही जातकुळी नारायण धारपांच्या ‘समर्थ’कथा वाचलेल्यांना अनोळखी वाटणार नाही. इंग्रजीत तिचा उगम सहसा शेरिडन ल फानू यांच्या १८७२ मधील डॉ. हेसेलियसपर्यंत मागे नेला जातो. परंतु तिच्यातील सर्वांत विलक्षण पात्र म्हणजे विल्यम होप हॉजसन यांचा कारनाकी होय. त्याच्या पाच कथा १९१० मध्ये लंडनच्या ‘द आयडलर’ मासिकात आल्या आणि सहा कथांचा संग्रह १९१३ मध्ये निघाला.

कारनाकीचे खास आयुध ‘इलेक्ट्रिक पेंटॅकल’, म्हणजे बॅटरीवर निळसर उजळणाऱ्या निर्वात काचनळ्यांची पंचकोनी चांदणी. मात्र खडूचे वर्तुळ, लसूण आणि कल्पित सिगसँड हस्तलिखितातील चिन्हे हा जुना सरंजामही तो सोडत नाही. ‘द गेटवे ऑफ द मॉन्स्टर’ या कथेत अशी सारी तटबंदी करून तो मध्यभागी बसतो, पण त्या खोलीत सापडलेली पिढीजात अंगठी जवळ बाळगतो, आणि ती अंगठीच खोलीत वावरणाऱ्या अक्राळविक्राळ भुताटकी हाताचे प्रवेशद्वार आहे हे त्याला उमगते, तोवर संकट तटाच्या आतच उगवू लागलेले असते. याउलट ‘द हाउस अमंग द लॉरेल्स’मध्ये छतातून ठिबकणाऱ्या रक्तामागे निव्वळ माणसांची लबाडी निघते. भूत खरे की बनाव, हे वाचकाला शेवटपर्यंत कळू न देण्यातच या कथांची खरी गंमत आहे.

हॉजसन १९१८ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारले गेले आणि त्यांचे नाव मागे पडले. ते पुन्हा वर आणले अमेरिकेतील ‘पल्प’ वर्तुळाने. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांना हे नाव पडले होते. याच वर्तुळातील भयकथाकार लव्हक्राफ्ट यांनी कारनाकीला हॉजसनच्या अन्य लेखनाच्या तुलनेत बरेच खाली ठेवले होते, तरी त्यांचेच चाहते ऑगस्ट डर्लेथ यांनी १९४७ मध्ये त्याचा नऊ कथांचा संग्रह काढला. वाढीव तिन्हींपैकी ‘द हॉग’ त्याच वर्षी ‘वीअर्ड टेल्स’ या पल्प मासिकात आली होती, तिच्यातील विश्वाबाहेरून येणाऱ्या वराहरूपी सत्तेमुळे कारनाकी विश्वभयाच्या कथांचा पूर्वज वाटू लागला. त्याच संग्रहातील ‘द फाइंड’मध्ये मात्र भुताचा मागमूसही नाही, तिथे कोडे आहे ते एका दुर्मिळ पुस्तकाच्या अवचित निघालेल्या दुसऱ्या प्रतीचे.