माळाचं मुद्दल



मागं उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत मी जंगल राखण्याचा विषय काढला. एक मावशी हसल्या, "आगं पोरी, सोलापुरात कुठलं जंगल? हितं नुसता माळ!" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. म्हणून आज लिहिते.

आधी दोन गावं बघू. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. पण जंगल राखायचे नियम गावानं हक्क मिळायच्या कितीतरी आधी केले होते. तिथं ठराव बहुमतानं होत नाही, सगळ्यांची संमती लागते. एक जण जरी नाही म्हणाला, तरी पुन्हा चर्चा.

दुसरं चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव. त्यांना २०१२ मध्ये हक्क मिळाला. तेंदूपत्त्यासाठी झाडं छाटतात, नवी पालवी यावी म्हणून आग लावतात. गावानं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. हातातलं उत्पन्न सोडणं सोपं नसतं. पण जंगल म्हणजे मुद्दल. व्याज खायचं, मुद्दल मोडायचं नाही. हा हिशोब आपल्या गटाला वेगळा शिकवायला नको.

आता आपला माळ. त्याला आपण 'पडीक' म्हणतो, पण तो पडीक नाही. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं कमी पावसातच वाढणारी. वरचं गवत वाळलं तरी मूळ जिवंत राहतं, पहिल्या पावसात पुन्हा फुटतं. हीच मुळं माती धरतात, पाणी मुरवतात. हवामान बदलामुळं पाऊस मोठी ओढ देतो, नाहीतर एका दिवसात कोसळतो. अशा वेळी उघड्या रानातली माती वाहून जाते, गवताखालची टिकते. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, तेही या गवताळ माळामुळंच. धनगर समाजानं मेंढरं फिरती ठेवून हा माळ पिढ्यान्‌पिढ्या वापरला. कळप पुढं गेला की गवताला वाढायला सवड मिळायची.

आपल्यातल्या कितीतरी जणींनी गटातून शेळीसाठी कर्ज घेतलंय. माळ संपला तर चारा विकत आणायचा आणि हप्ताही भरायचा. दोन्ही कसं जमणार?

मग करायचं काय?

१. ग्रामपंचायतीत 'लोक जैवविविधता नोंदवही' बघायला मागा. गावातली गवतं, औषधी झाडं, जुन्या माणसांची माहिती त्यात असायला हवी. नसेल तर आपल्या आज्यांना सोबत घेऊन लिहून द्या. जैवविविधता समितीत किमान एक तृतीयांश महिला लागतात, तेही विचारा.

२. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं ठरलेलं आहे. तिथं गायरानाचा विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

३. गायरानाचा एक तुकडा गवताचं बी पडेपर्यंत चराईला बंद ठेवायचा, नंतर गवत कापून वाटून घ्यायचं, असा ठराव करता येईल. वनखात्याच्या जमिनीवर मात्र त्यांचे नियम लागू असतात, म्हणून सुरुवात गायरानापासून करा.

एक गोष्ट विसरू नका. जिला जमीन नाही, फक्त दोन शेळ्या आहेत, तिला आधी विचारा. तुकडा बंद झाला की पहिला फटका तिलाच बसतो. तिच्या शेळ्या तेवढे दिवस कुठं चरतील, हे ठरल्याशिवाय ठरावावर सही करू नका. मेंढ्याची सर्वसहमती म्हणजे हेच.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं माळासाठी ठेवा. मी येतेच आहे. त्या मावशींनाही आता उत्तर देईन: मावशी, आपलं जंगल गुडघ्याएवढं आहे, पण आहे!

— तुमची क्षेत्र समन्वयक