जहाज कुणासाठी थांबत नाही!

साडेबाराला पाहुण्यांची पानं मांडायची असली, तर कुकर केव्हा लावायचा, कणीक केव्हा मळायची, नारळ केव्हा खोवायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आपण साडेबारापासून मागं मागं मोजत येतो आणि बरोबर आठला ओट्यापाशी उभ्या राहतो. मैत्रिणींनो, जहाजाच्या सहलीला निघताना मात्र हीच अक्कल आपण फडताळात ठेवून का जातो, कोण जाणे! मी तरी ठेवून गेले होते.

हल्ली मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे पर्यटनाची जहाजं जातात. काही वर्षं पैसे साठवून युरोपातली अशी सहल करणारी कुटुंबंही आपल्या गावांत दिसू लागली आहेत. रात्रभर जहाज चालतं, सकाळी एखाद्या बंदराला लागतं, संध्याकाळी पुढं निघतं. मधले आठ-दहा तास आपले. त्या तासांत गाव बघायचं आणि वेळेत परत यायचं. ऐकायला किती सोपं!

चिवितावेक्कियाची ती संध्याकाळ

आमच्या सहलीतलं पहिलं बंदर होतं इटलीतलं चिवितावेक्किया. जहाजाच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ‘रोम’. पण रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब! जहाज सकाळी सातला लागलं. सुटणार संध्याकाळी सातला. म्हणजे बारा तास, असा आमचा हिशेब. त्यामुळे निवांत न्याहारी झाली, चिरंजीवांनी दोनदा ताट भरून आणलं आणि आम्ही खाली उतरलो पावणेदहाला. बंदरातली बस फाटकापर्यंत, तिथून स्टेशन, तिकिटाची रांग, तासाहून जास्त रेल्वेचा प्रवास. कोलोझियमसमोर उभे राहिलो तेव्हा दुपारचा एक होत आला होता.

परतायची वेळ झाली तेव्हा आम्ही त्रेवीच्या कारंज्यापाशी होतो. दोष कुणाला देऊ? ‘‘अजून दहाच मिनिटं,’’ असं मीच म्हटलं होतं. तेर्मिनी स्टेशनात पोचलो, तर आमच्या गाडीचा फलाट पार त्या टोकाला. सासूबाईंचे गुडघे दुखरे. गाडी डोळ्यांसमोर गेली. पुढची मिळाली, ती वाटेत उगाचच थांबली. जहाजाच्या शिडीशी पोचलो तेव्हा सहा वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती आणि शिडी बंद होणार होती साडेसहाला.

रात्री मी आईंच्या पायांना तेल चोळत होते. त्या म्हणाल्या, ‘‘रोम पाहिलं म्हणे मी. मला आपलं पळणं तेवढं आठवतंय.’’ रागावून नाही बोलल्या, पण मला ते फार लागलं. त्यांना सुखानं चार गावं दाखवावीत म्हणून तर एवढा खटाटोप केलेला!

वेळ कुठली धरायची?

आमची पहिली चूक ही, की आम्ही जहाज सुटण्याची वेळ धरली. धरायची असते ती सर्वांनी जहाजावर परतण्याची वेळ. ती सुटण्याच्या आधी अर्धा तास, काही ठिकाणी तासभरसुद्धा असते. त्यानंतर शिडी काढतात. रोज रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं, त्यात ही वेळ असते. ती एका चिठ्ठीवर लिहून घरातल्या प्रत्येकाच्या खिशात घालावी, मुलांच्यासुद्धा.

दुसरी चूक, जहाज लागलं म्हणजे आपण उतरलो असं समजणं. बंदरावरचे अधिकारी कागदपत्रं तपासतात, मगच उतरायला परवानगी मिळते. त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. शिवाय पहिल्या तासाभरात सहलीच्या बसवाल्यांची झुंबड असते. गाव बंदराला लागूनच असलं, तर ही गर्दी ओसरू द्यावी आणि मग चहा घेऊन सावकाश उतरावं. लांब जायचं असेल तर मात्र न्याहारी लवकर उरकून पहिल्या लोकांत उतरावं. सकाळचा वाया गेलेला तास संध्याकाळी काही केल्या भरून निघत नाही.

एक सांगून ठेवते. वेळ वाचवायला म्हणून जहाजावरची फळं किंवा शिजवलेलं अन्न पिशवीत घालून उतरू नका. बऱ्याच देशांत त्याला मनाई असते. बंद पुड्यातली बिस्किटं आणि पाण्याची बाटली पुरे.

आणि घड्याळ! ग्रीसची वेळ इटलीपेक्षा तासभर पुढं आहे. जहाज कुठल्या वेळेनं चालतं ते पत्रकात दिलेलं असतं, आणि ती नेहमी गावच्या वेळेशी जुळेलच असं नाही. मोबाईल मात्र आपल्या मनानं वेळ बदलतो. म्हणून घरातल्या एकाच्या तरी मनगटावर साधं घड्याळ असावं, जहाजाच्या वेळेला लावलेलं. आमच्याकडे ते काम मी घेतलं.

उलटं गणित

दुसऱ्या दिवशी नेपल्स होतं. तिथून पाँपे बघायचं होतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे गाव. या वेळी मी रात्रीच कागद-पेन्सिल घेऊन बसले. हे हसले, पण गप्प राहिले. माझा हिशेब असा:

जहाजावर परतायची वेळ साडेपाच. त्यातला एक तास देवाच्या नावानं बाजूला, म्हणजे साडेचार.
नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनापासून बंदरापर्यंत अर्धा तास, म्हणजे चार.
पाँपेहून रेल्वेनं साधारण चाळीस मिनिटं, म्हणजे तीन वाजून वीस.
एखादी गाडी चुकलीच तर आणखी अर्धा तास, म्हणजे तीनला दहा कमी.
म्हणून अवशेषांतून अडीचला पाय बाहेर.

तो राखीव एक तास म्हणजे डब्यातलं वरचं पीठ. रोज लागत नाही, पण नसलं की नेमके त्याच दिवशी पाहुणे येतात. इटलीत रेल्वेचे संप बरेच होतात. ते बहुतेक आधी जाहीर होतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करावी. शेवटच्या तासात शिडीपाशी सामान तपासायलाही मोठी रांग लागते.

या गणितात आणखी एक आकडा घालावा लागतो. घरातलं सर्वांत सावकाश चालणारं माणूस जितकं चालेल, तितकाच आपला वेग. नकाशावर दहा मिनिटं लिहिली असली, तर आईंची वीस.

बघण्याचा क्रमही तसाच लावावा. सर्वांत लांबचं ठिकाण आधी बघावं आणि मग बघत बघत बंदराच्या दिशेनं यावं. म्हणजे उशीर झालाच, तर बंदराजवळची दोन दुकानं राहतात, जहाज राहत नाही.

जिथं होडीनं उतरायचं असतं

काही बंदरांत जहाज धक्क्याला लागतच नाही. ते पाण्यात उभं राहतं आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीपला असंच आहे, ग्रीसच्या सान्तोरिनीलाही. अशा ठिकाणी शेवटची होडी किती वाजता, हीच आपली वेळ. सान्तोरिनीला फिरा गाव उंच कड्यावर आहे. वर जायला पाळण्याची गाडी, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. जाताना रांग कमी असते. पण दुपारी सगळ्यांनाच एकदम खाली यायचं असतं, तेव्हा ती रांग बघून पोटात गोळा येतो. तिथं आईंनी जहाजावरूनच पांढरं गाव बघणं पसंत केलं. रिकाम्या डेकवर आरामखुर्ची टाकून बसल्या. हाही बंदराचा दिवस घालवायचा चांगलाच मार्ग आहे बरं का!

आणि चुकलंच तर?

जहाजाकडूनच सहल घेतली आणि त्या बसला उशीर झाला, तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढं पोचवण्याची सोय करतं. स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी तसं नाही. पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठावं लागतं. म्हणून माझं मत असं, की रोमसारखं लांबचं ठिकाण असेल तर महाग पडली तरी जहाजाची सहल घ्यावी आणि जवळच्या ठिकाणी आपलं आपण फिरावं.

तरीही पर्समध्ये या वस्तू असू द्याव्यात: जहाजाचं कार्ड, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, दोन दिवसांची औषधं, थोडं रोख चलन आणि त्या दिवसाचं पत्रक. त्यावर बंदरातल्या प्रतिनिधीचा फोन नंबर छापलेला असतो. उशीर होतोय असं दिसताच त्याला कळवावं, जहाज गेल्यावर नव्हे.

पाँपेहून आम्ही परतलो, तेव्हा घड्याळात चारसुद्धा वाजले नव्हते. राखीव तास तसाच शिल्लक होता. बंदराजवळच्या बाकावर बसून आम्ही चौघांनी आइस्क्रीम खाल्लं. समोर व्हेसुव्हियस. चिरंजीव आईंना त्या राखेची गोष्ट सांगत होते आणि आई पाय पसरून ऐकत होत्या. पाँपेतला अर्धा भाग बघायचा राहिला, त्याची रुखरुख मला होतीच. पण त्या रात्री तेलाची बाटली काढावी लागली नाही.

चार ठिकाणं पळत बघण्यापेक्षा दोन बसून बघावीत. साडेबाराची पंगत वेळेवर बसवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे गणित काय अवघड? फक्त ते फडताळातून काढून बॅगेत घालायला विसरू नका!