जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार

परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत शेतीची अवजारे पिढ्यान्‌पिढ्या बाभळीच्या लाकडाची होत आली. नांगर, वखर, तिफण, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे, हे सारे गावच्या सुताराच्या हातून तयार होत असे. त्याबद्दल सुगीच्या दिवसांत त्याला बलुते म्हणून धान्य मिळे. पुढे लोखंडी अवजारे आली, मग ट्रॅक्टर आले आणि सुताराचे हे काम कमी झाले. तथापि लाकडाची गरज संपली नाही. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, देव्हाऱ्याचे खांब यांस आजही मागणी आहे. मात्र ही कामे झटपट आणि एकसारखी करावयाची, तर घरच्या लहानशा कारखान्यात एखादे यंत्र हवे. नवे यंत्र महाग असते. इकडे भंगारवाल्याच्या आवारात कित्येक जुनी यंत्रे गंज खात पडलेली असतात आणि किलोच्या भावाने वितळविण्यासाठी विकली जातात. अशा यंत्रांपैकी कोणते वाचविता येईल, आणि ते कसे, हे आपण या पाठात पाहू.

उदाहरणासाठी लाकूड कातण्याचे यंत्र घेऊ. यालाच कारखान्यात लेथ असे म्हणतात. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात एका जागी राहतो. येथे लाकूड फिरते आणि पटाशी एका जागी धरलेली असते. पूर्वी लाकूड कातणाऱ्या कातारी कारागिराजवळ वीज नव्हती. लाकडाला दोरीचा वेढा देऊन एक माणूस ती दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंस ओढी आणि दुसरा हत्यार धरी. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे आणि खेळणी प्रसिद्ध आहेत; तसले गोल आकार कातकामातूनच साधतात.

विजेवर चालणाऱ्या यंत्राचे मुख्य भाग चार. खाली लांब, जड लोखंडी बैठक. तिच्या डाव्या टोकाला लाकूड फिरविणारा आस ज्यात बसविलेला असतो ते डोके. उजव्या टोकाला लाकडाला आधार देणारे, मागेपुढे सरकणारे शेपूट. आणि या दोहोंच्या मध्ये पटाशी टेकविण्याची पट्टी.

अशी जड लोखंडी यंत्रे किती काळ टिकतात? इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांसाठी लाकडी कप्प्या बनविणारी यंत्रे बसविण्यात आली. मार्क ब्रुनेल याने त्यांची योजना केली व हेन्री मॉडस्ली याने ती घडविली. १८०८ साली या कारखान्यात सुमारे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. एकशेदहा कुशल कारागिरांचे काम दहा साधे मजूर करू लागले. त्यांतील काही यंत्रे शंभर वर्षांहून अधिक काळ चालली, आणि काही आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाहावयास मिळतात. आपल्याकडेही लोखंड कातणारे लेथ बनविण्यासाठी किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहर येथे कारखाना काढला. ओतीव लोखंडाचे असे यंत्र सहजासहजी झिजत नाही. त्याचा नाश बहुधा गंजाने, निष्काळजीपणाने अथवा उपेक्षेने होतो.

जीर्णोद्धाराची पहिली पायरी म्हणजे परीक्षा. माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडकलेला. ओतीव लोखंडाची बैठकही लहान हातोडीने हलकेच वाजवून पाहतात. तिच्यात तडा असेल, तर यंत्र कितीही स्वस्त मिळो, ते घेऊ नये. ओतीव लोखंड ठिसूळ असते आणि त्याचा तडा सांधणे अवघड असते. उलट वरचा रंग उडाला असेल, मूठ मोडली असेल, पट्टा तुटला असेल, तर त्याचे भय नाही. हे भाग नवे करता येतात.

दुसरी पायरी यंत्र सुटे करण्याची. येथे घाई करणारा पुढे पस्तावतो. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याची आकृती वहीत काढावी. कोणता खिळा कोठला, कोणती चकती आधी व कोणती नंतर, हे लिहून ठेवावे आणि सुटे भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. गंजलेली चाकी फिरत नसेल तर तिच्यावर जोर करू नये. लोखंड गंजले म्हणजे फुगते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. म्हणूनच आटे एकमेकांत घट्ट रुतून बसतात. अशा ठिकाणी पातळ तेल सोडून एक-दोन दिवस वाट पाहावी आणि मग पान्याने अलगद मागेपुढे करीत चाकी सोडवावी.

तिसरी पायरी गंज काढण्याची. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो. वरवरचा गंज तारेच्या कुंच्याने घासून निघतो. लहान भाग लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्यात काही तास बुडवून ठेवले, तर आम्लात गंज विरघळतो. घरी चिंचेने तांब्याचा हंडा उजळतो, त्यामागेही आम्लाचाच गुण असतो. मात्र भाग पाण्यातून काढल्यावर लगेच धुऊन, पूर्ण कोरडे करून त्यांस तेल लावले पाहिजे; नाहीतर दुसऱ्याच दिवशी त्यांवर पुन्हा तांबूस थर दिसू लागतो. जुना रंग मात्र कोरडा खरवडू नये. पूर्वीच्या पुष्कळ रंगांत शिसे असे, आणि त्याची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास विषासारखी बाधते, मुलांना तर विशेष.

चौथी पायरी सर्वांत नाजूक. फिरणारा आस ज्या आधारात बसतो, त्याला बेअरिंग म्हणतात. पुष्कळ जुन्या यंत्रांत हा आधार एका मऊ, पांढऱ्या मिश्रधातूचा असतो. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने तो १८३९ साली शोधून काढला. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचे ते मिश्रण होते. आस कठीण व आधार मऊ असल्यामुळे झीज होते ती आधाराची. आस वाचतो आणि झिजलेला आधार पुन्हा ओतता येतो. वितळलेला धातू ओतण्याचे हे काम अनुभवी कारागिराचेच होय. साच्यात थोडाही ओलावा राहिला, तर त्याची एकदम वाफ होऊन तप्त धातू अंगावर उडतो. ओतल्यावर आसाला रंगाचा पातळ हात देऊन तो आधारात फिरवितात. आधारावर जेथे रंग उमटेल, तो भाग उंच. तेवढाच खरवडून काढावयाचा आणि पुन्हा तपासावयाचे. दहा वेळा करावे लागले तरी कंटाळता कामा नये.

त्यानंतर यंत्र जुळवावयाचे. डोके आणि शेपूट यांची टोके एकमेकांजवळ आणली असता ती अचूक भिडली पाहिजेत. बैठकीला पीळ पडला असेल तर ती भिडत नाहीत. हा पीळ पाहण्याची रीत सोपी आहे. बैठकीच्या दोन्ही टोकांना दोन सरळ, सारख्या उंचीच्या पट्ट्या आडव्या ठेवाव्यात आणि एकीच्या कडेवरून दुसरीची कड पाहावी. कडा समांतर दिसल्या तर बैठक सरळ. एक बाजू वर उचललेली दिसली तर पीळ. परभणीसारख्या भागात ही तपासणी एकदा करून भागत नाही. येथील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्याबरोबर जमीनही हलते आणि तीवर ठेवलेल्या यंत्राची पातळी बिघडते. यास्तव यंत्राखालचा पाया चांगला खोल घ्यावा आणि पावसाळा सरला की पातळी पुन्हा पाहावी.

आता तेलाचा प्रश्न. मराठवाड्यात जवसाचे पीक परिचयाचे आहे. जवसाचे तेल लाकडाला लावले की हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते आणि वर पातळ कवच धरते. म्हणून पटाशीच्या लाकडी मुठीला ते उत्तम. पण याच गुणामुळे ते आसाच्या आधारात कधीही घालू नये. तेथे ते चिकट होऊन बसेल आणि आस अडवील. आधाराला खनिज तेलच हवे. आणखी एक सावधगिरी. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते. बोळ्यातून ती बाहेर पडू शकत नाही आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात.

यंत्राचा वेग थोड्या गणिताने ठरविता येतो. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते, तिच्या चाकाचा व्यास ७५ मिलिमीटर आहे आणि यंत्राच्या चाकाचा १५० मिलिमीटर आहे, असे समजा. चाक दुप्पट मोठे, म्हणून फेरे निम्मे, म्हणजे ७२०. आता या वेगाने ३० सेंटिमीटर व्यासाची लाकडी थाळी फिरविली, तर तिची कड ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने धावेल. चुकून लहान चाकावर पट्टा चढवून वेग दुप्पट केला, तर ८०! थाळीत एखादी भेग असेल तर तिचे तुकडे उडून कोणाचा डोळा जाईल. म्हणून मोठे लाकूड नेहमी कमी वेगाने फिरवावे. वीजजोडणी जाणत्या माणसाकडून करून घ्यावी. पुष्कळ जुन्या मोटारी कारखान्याच्या तीन फेज विजेवर चालणाऱ्या असतात. घरच्या साध्या विजेवर त्या तशाच जोडता येत नाहीत.

जीर्णोद्धार म्हणजे जुने ते सारे जसेच्या तसे ठेवणे नव्हे. जुन्या यंत्रांचे पट्टे बहुधा उघडे असत आणि त्यांत कपडे अडकून माणसे जायबंदी होत. जुन्या रंधायंत्रांचे पाते ज्या गाभ्यावर बसवीत, तो चौकोनी असे. त्याच्या आणि मेजाच्या मधल्या रुंद फटीत बोटे ओढली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल गाभा आला आणि हा धोका पुष्कळ कमी झाला. असला चौकोनी गाभा कितीही चकचकीत केला तरी तो वापरावयाचा नाही. तो काढूनच टाकला पाहिजे. पट्ट्यावर झाकण, डोळ्यांवर चष्मा, धुळीपासून बचावासाठी नाकातोंडावर कापड, अंगात घट्ट बाह्यांचा सदरा, आणि गळ्यात उपरणे किंवा ओढणी मुळीच नाही, हे नियम यंत्र जुने असो वा नवे, सर्वांना सारखेच लागू आहेत. आणि यंत्र चालू असताना मुलांनी ते दूर उभे राहूनच पाहावे.

सारे जुळले की यंत्र प्रथम मोकळेच फिरवून पाहतात. आधारावर हात ठेवावा तो यंत्र बंद केल्यावरच. तो चटका देण्याइतका तापला असेल, तर पुन्हा उघडून दोष शोधावयाचा. कोमट लागला, आवाज एकसारखा आला, की बाभळीचा एक ओंडका चढवावयाचा. पटाशी टेकताच लाकडाची लांब सलग साल निघू लागली, तर यंत्र पुन्हा कामाचे झाले असे समजावे. रंगरंगोटी त्यानंतर सावकाश करता येते. जे लोखंड भंगाराच्या भावाने भट्टीत गेले असते, त्यावर आता एका घराची भाकरी निघू शकते. आणि ज्याने ते खोलले, घासले व जुळविले, त्याला त्याचा प्रत्येक भाग ओळखीचा झालेला असतो. पुढे यंत्र बिघडले तर दुरुस्तीसाठी त्याला कोणाच्या दारी जावे लागत नाही.