डिस्कवरचा पोटभाडेकरू

त्याचे असे झाले. आमचा पुतण्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि परीक्षेपुरता आमच्याकडे राहावयास आला होता. एके संध्याकाळी चहा घेता घेता तो सहज म्हणाला, “काका, तुमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स सर्व्हर टाकू का? सरावाला हवाय.” त्याबरोबर स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “त्या कॉम्प्युटरला कुणीही हात लावायचा नाही!”

ह्या हुकमामागे इतिहास आहे, आणि त्यातला गुन्हेगार मीच. २०१९ साली निवृत्तीनंतरच्या उत्साहात मी जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवावयास गेलो. मध्येच पडद्यावर प्रश्न आला : संपूर्ण डिस्क वापरू का? मला वाटले, यंत्र उदारपणाने जागा देऊ करीत आहे. मी ‘हो’ म्हटले. लिनक्स बसले, छान बसले. पण त्या डिस्कवर माझ्या सासूबाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून तेथे उतरवून ठेवलेल्या, आणि दुसरी प्रत कोठेही नाही. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. सौभाग्यवती मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

“काकू, तुमच्या डिस्कला धक्कासुद्धा लागणार नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकतो,” पुतण्या म्हणाला.

आता हे व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय प्रकरण? पुण्यामुंबईच्या वाचकांना पोटभाडेकरू समजावून सांगावयास नको. मूळ बिऱ्हाडकरू आपली एक खोली दुसऱ्याला देतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की ह्या पोटभाडेकरूला आपण पोटभाडेकरू आहोत हे सहसा जाणवत नाही. त्याला वाटते, सारा वाडा आपलाच! त्याला जी डिस्क दिसते ती वास्तविक आपल्या डिस्कवरची एक साधी फाईल असते. जी मेमरी दिसते ती आपल्या मेमरीतून काढून दिलेला वाटा.

ही युक्ती कालपरवाची असेल असा माझा समज होता. पण नाही. १९६० च्या दशकात, यंत्रे अतोनात महाग असताना, अमेरिकेतल्या केंब्रिज येथील आय.बी.एम.च्या केंद्रात ती सिद्ध झाली. एकाच यंत्रावर बसलेल्या प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र मिळाल्याचा भास व्हावा, हा हेतू. १९७२ मध्ये त्या कंपनीने ती गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणली. टेबलावरच्या छोट्या कॉम्प्युटरपर्यंत यावयास मात्र तिला १९९९ उजाडले. लिनक्स त्या मानाने तरुण : १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने त्याचा गाभा लिहावयास घेतला. विद्यार्थ्यांचे फावल्या वेळातले उद्योग कोठवर जातील सांगता येत नाही!

असो. सौभाग्यवतींनी परवानगी दिली, पण एका अटीवर : आधी सगळे फोटो दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घ्यायचे. पुतण्या हसला नाही. “बरोबर आहे काकू,” म्हणाला, आणि तासभर तेच करीत बसला. तेव्हाच मला मुलाचे कौतुक वाटले.

मग त्याने व्हर्च्युअलबॉक्स नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम घातला आणि उबुंटू सर्व्हरची २०२४ च्या एप्रिलमध्ये निघालेली २४.०४ ही आवृत्ती उतरवून घेतली. ही फाईल काही जीबींची. वाटेत ती बिघडली नाही ना, हे पाहण्यासाठी तिचा चौसष्ट अक्षरांचा ठसा काढून मूळ ठशाशी ताडून पाहिला. आमच्या आठ जीबी मेमरीतली दोन पाहुण्याला दिली आणि डिस्क म्हणून २५ जीबी. ही जागा एकदम अडत नाही. फाईल लहान असते, सामान वाढेल तशी फुगते.

यंत्र सुरूच होईना. आभासी यंत्रांसाठी प्रोसेसरमध्ये जी खास सोय असते ती आमच्या कॉम्प्युटरच्या मूळ मांडणीत बंद ठेवलेली होती. ती चालू केली. नंतर उंदराचा बाण नाहीसा झाला. तो पाहुण्याच्या खिडकीत अडकला होता. उजवीकडची कंट्रोलची कळ दाबताच सुटला. ही एक कळ आधी माहीत असती तर माझी दहा मिनिटांची तगमग वाचली असती.

सर्व्हरच्या प्रस्थापनेत चित्रे नाहीत. भाषा, कळफलक, मग जाळ्यातला पत्ता – १०.०.२.१५, हा व्हर्च्युअलबॉक्सच परस्पर देतो – आणि मग तोच प्रश्न. संपूर्ण डिस्क वापरू का?

सौभाग्यवती कधी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळले नाही. पुतण्याने हात आखडता घेतला.

“काकू, आकडा बघा. तुमची डिस्क केवढी?”

“पाचशे जीबी.”

“आणि ह्याला दिसतेय केवढी?”

पडद्यावर पंचवीस होते. नावही व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्कचेच. पुढे आणखी एक इशारा आला, की ह्यापुढे डिस्कवरचे सारे जाईल. सौभाग्यवतींनी चष्मा सारखा केला, तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “दाब.”

थोड्या वेळाने काळ्या पडद्यावर नाव विचारणारी एक ओळ उमटली. परवलीचा शब्द टाइप केला तर काहीच दिसेना, ठिपकेसुद्धा नाहीत. कळफलक बिघडला असे मला वाटले, पण ती तेथली रीतच आहे. आणखी एक खोड अशी, की डिस्क पंचवीसची देऊनही वापरावयास मिळाली जेमतेम निम्मी. बाकीची हा प्रस्थापक पुढच्या सोयीसाठी राखून ठेवतो. दोन आज्ञा देऊन ती मोकळी करावी लागते. शिवाय पाहुणा बाहेर जाऊ शकतो, पण त्याचे दार बाहेरून उघडत नाही. म्हणून आमच्या यंत्राच्या २२२२ क्रमांकाच्या दारावरची थाप त्याच्या २२ क्रमांकाच्या दारावर पोहोचेल अशी जोडणी पुतण्याने केली.

“आता गंमत बघा,” तो म्हणाला. त्याने यंत्राची आहे त्या स्थितीत नोंद करून ठेवली; ह्याला स्नॅपशॉट म्हणतात. मग सगळ्या व्यवस्थेच्या नोंदी ज्या कप्प्यात असतात तो कप्पाच त्याने पुसून टाकला. माझा श्वास अडकला. यंत्र पुन्हा धड उठेना. त्याने ते बंद केले, स्नॅपशॉटवर परत नेले, आणि क्षणात सारे होते तसे!

“म्हणजे पुसलेलं परत येतं?” सौभाग्यवतींनी विचारले.

“येतं, पण फोटो आधी काढून ठेवलेला असला तर.”

त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पुतण्याला बोलावले आणि आईच्या ओव्यांपैकी आठवतील तेवढ्या म्हणून दाखविल्या. सात आठवल्या. आठवीचा एकच चरण. पुतण्याने त्या मोबाईलवर मुद्रित करून पेनड्राइव्हवर घेतल्या, एक प्रत मुलाकडे धाडली, आणि एक त्या २२२२ च्या दारातून सर्व्हरवर ठेवली.

“म्हणजे तीन प्रती झाल्या,” मी म्हणालो.

“दोनच, काका,” तो म्हणाला. “सर्व्हरची डिस्क म्हणजे शेवटी तुमच्याच डिस्कवरची फाईल. ती मोजायची नाही.”