पोकलेन येण्याआधी पाण्याची वाट विचारा

जवळपास कुठे थीम पार्क होणार अशी बातमी आली, की गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न कामाचा निघतो. आपल्या पोरापोरींना तिथे नोकरी लागेल का? प्रश्न बरोबरच आहे. पण मोठमोठे पाळणे उभे राहण्याच्या कितीतरी आधी तिथली माती हलते. आपल्या विहिरीवर, ओढ्यावर आणि रस्त्यावर परिणाम होतो तो तेव्हाच. म्हणून आज हे सुरुवातीचे काम समजून घेऊ.

आधी मोजणी होते. हद्द, चढ-उतार, ओढे, झाडे नकाशावर येतात. जागोजागी भोके पाडून मुरूम किती, खडक किती, पाणी किती खोल हे बघतात. मग झाडेझुडपे काढतात आणि वरची वीतभर सुपीक माती खरवडून बाजूला ढीग करतात. ही माती भरावाला चालत नाही, कारण तिच्यातला पालापाचोळा कुजला की जमीन खचते. पुढे बागेसाठी मात्र तीच लागते. अशी माती तयार व्हायला शेकडो वर्षे जातात. तो ढीग झाकलेला आहे की पावसात वाहून चालला आहे, यावर आपले लक्ष हवे.

मग उंचवटा पोकलेनने कापतात आणि ती माती डंपरने खोलगट भागात टाकतात. एक थर टाकायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, मग वर दुसरा थर. अंगण करताना आपण मुरूम पसरून, पाणी शिंपडून चोपतो, तसेच हे. घाई केली तर अंगणाला भेगा पडतात. तिथे घाई केली तर पाळण्याचा पाया खचतो.

सगळ्यात महत्त्वाचे पाणी. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात 1971 साली डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. ती जमीन दलदलीची होती. तिथे बांधकामाच्या आधी पाण्यासाठी मैलोन्मैल कालवे खणावे लागले. एक मोठे तळे खोदले आणि त्यातून निघालेली माती पार्क उंच करायला वापरली. पाहुणे चालतात तो रस्ता खरे तर वरचा मजला आहे. त्याच्या खालून कामगारांचे रस्ते जातात. एवढ्या मोठ्या कंपनीलाही आधी पाण्याची वाट लावावी लागली, पाळणे नंतर आले.

आपल्याकडे चार महिने पाऊस. ओढा बुजवला तर पाणी थांबत नाही, ते कुणाच्या तरी शेतातून नाहीतर वस्तीतून वाट काढते. रोलरने चोपलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. मग पावसाळ्यात ओढा फुगतो आणि उन्हाळ्यात विहिरीचा पाझर आटतो. हंडा कुणाच्या डोक्यावर येतो, ते आपल्याला सांगायला नको.

आता कायद्याचे. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर 2006 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत जागेला कुंपण घालता येते, पण जमीन तयार करण्याचे काम सुरू करता येत नाही. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची असते आणि पंचायतीने ती 30 दिवस लोकांसाठी लावायची असते. म्हणून पंचायतीच्या फलकावर नजर ठेवा.

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. त्या सभेत हे प्रश्न लिहून द्या:

ओढ्याचे पाणी कुठून काढणार?
भरावाचा मुरूम कुठून येणार आणि त्याची परवानगी आहे का?
डंपर कोणत्या रस्त्याने, किती वाजता जाणार? शाळेच्या वेळेत थांबणार का?
धुळीवर पाणी मारणार, तर ते कुठून आणणार?
विहिरींची आजची पातळी कोण मोजणार?

शेवटचे काम आपल्या गटालाही जमते. दोरीला दगड बांधून दर महिन्याला पातळी मोजा आणि तारखेसह गटाच्या वहीत लिहा. कुठली विहीर कधी आटते, पुराचे पाणी कोणत्या उंबऱ्यापर्यंत येते, हे नकाशावर नसते. ते आपल्याला ठाऊक असते. ते माती हलायच्या आधी सांगितले, तर उपयोग. भराव पडल्यावर तो उकरायला कुणी येत नाही.